स्लो कुकरमधलं मटण आणि गव्हाच्या चकोल्या: सकाळी लावायचं, संध्याकाळी ताटात

मामंजींनी कवळी बसवल्यापासून आमच्या घरी मटण करायचं म्हटलं की मला टेन्शन यायचं. प्रेशर कुकरला शिट्ट्या कमी झाल्या तर फोड चिवट राहते आणि एखादी जास्त झाली की मांस हाडावरनं सुटून त्याचा चोथा होतो, आणि मामंजी काही बोलायचे नाहीत, फक्त फोडी ताटाच्या कडेला सारून ठेवायचे आणि रश्श्यात भाकर कुस्करून उठायचे. ज्या माणसानं आयुष्यभर नळी ताटावर आपटून आपटून खाल्ली त्याच्या ताटात अशा कडेला लागलेल्या फोडी बघवत नाहीत हो. म्हणून मी हा उद्योग सुरू केला आणि आता दोन थंड्या झाल्या, आमच्या लातूरच्या घरात दर पंधरा दिवसाला हा बेत होतोच.

कल्पना मला मावसबहिणीनं दिली, ती अमेरिकेत असते. तिकडं थंडीत स्लो कुकरमध्ये बीफ आणि नूडल्स असा एक घरगुती पदार्थ करतात, खांद्याकडचं चिवट मांस दिवसभर मंद आचेवर ठेवायचं, शेवटी अंड्याच्या रुंद नूडल्स घालायच्या, काही घरी तर ते बटाट्याच्या लगद्यावर वाढतात. फोनवर ती सांगायली आणि मी मनात म्हणायली, अगं ह्या तर आपल्या चकोल्याच की, वरणात शिजवायच्या कणकेच्या पट्ट्या, फक्त वरणाच्या जागी मटणाचा रस्सा. बीफचं म्हणाल तर आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, म्हैस-रेडा त्या बंदीत नाही. ज्यांच्या घरी मोठ्याचं, म्हणजे म्हैस-रेड्याचं, चालतं त्यांनी हीच पद्धत वापरा, फक्त वेळ दीड-दोन तास जास्त धरा. आमच्याकडं बोकडाचंच असतं, त्यामुळं खालची सगळी मापं बोकडाच्या मटणाची आहेत.

आधी हे भांडं नेमकं काय आहे ते सांगते, कारण बऱ्याच जणी त्याला राइस कुकर समजतात. बाहेर पत्र्याचं कवच, त्याच्या आतनं हीटिंगची पट्टी, आत जाडजूड चिनीमातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. शिट्टी नाही, प्रेशर नाही. लो, हाय आणि वॉर्म असं बटण. बहुतेक कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपासच जाऊन थांबतात, फरक एवढाच की हाय तिथं लवकर पोचतं आणि लो हळूहळू. माझ्या कुकरवर मागं २१० वॅट लिहिलंय, म्हणजे आठ तास चालला तरी पावणेदोन युनिटच्या आत काम होतं. घेताना साडेचार लिटरचा घ्या, एक किलो मटणाला तोच बरोबर होतो, कारण भांडं निम्म्यापेक्षा जास्त आणि पाऊण भागापेक्षा कमी भरलेलं असलं तरच नीट शिजतं. फार रिकामं असलं की कडेनं करपतं. आणि कुणी अमेरिकेतनं आणून देत असेल तर आधी व्होल्ट बघा, तिकडं ११०-१२० व्होल्टचं असतं, आपल्याकडं २३० ची लाइन, डायरेक्ट लावलं तर जळून जाईल.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा त्यांनी झाकणावर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या निखाऱ्यासारखंच हाय की." त्यांच्या माहेरी औश्याकडं रात्रीच्या स्वयंपाकानंतर चुलीतले निखारे पसरून त्यावर राख टाकायचे, वर मटणाचं गाडगं, झाकणीची कड कणकेनं बंद, आणि पहाटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मला नंतर कळलं की हे मशीन ज्यानं काढलं त्या अर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्टही अशीच आहे. त्याची आई लिथुएनियाकडच्या ज्यू घरातली, त्यांच्याकडं शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस आणि घेवड्याचं भांडं गावातल्या बेकरीच्या विझत आलेल्या भट्टीत ठेवायचे आणि रात्रभर ते उरलेल्या गरमीत शिजायचं, त्याला चोलेंट म्हणतात. आईकडनं ती गोष्ट ऐकून त्यानं विजेवरचं भांडं केलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं, १९७० मध्ये दुसऱ्या कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट नावानं घराघरात गेलं. बेकरीची भट्टी काय आणि औश्याची चूल काय, कल्पना एकच.

आता मटण. इथं सगळ्यात मोठी चूक होते. आपण चांगलं मटण म्हणून राणेचं मऊ, बिनहाडाचं मागतो, ते ह्यात घालू नका, वाया जातं, आठ तासात कोरडं भुसा होतं. स्लो कुकरला चिवट तुकडे लागतात. दुकानात जाऊन सरळ सांगायचं की गर्दन (मान), दस्त (पुढचा पाय) आणि सीना (छाती) मिळून एक किलो द्या आणि त्यात चार नळ्या टाका, आणि फोडी रोजच्यापेक्षा मोठ्या करा, मोठ्या लिंबाएवढ्या. माझा मटणवाला पहिल्यांदा म्हणाला, "ताई, गर्दन कशाला, चांगलं देतो की." पण जनावर ज्या भागानं सारखं काम करतं, म्हणजे मान, पुढचे पाय, तिथं पांढरे चिवट पापुद्रे जास्त असतात. त्यात कोलॅजन असतं, ते सत्तर अंशाच्या पुढं हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि त्यानंच रश्श्याला तो ओठाला चिकटणारा गुण येतो. ह्याला वेळ लागतो, त्याला इलाज नाही. म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा, सात तासांनी फोड चिवट लागली तर ती जास्त शिजली असं नाही, ती अजून शिजलीच नाही, आणखी तासभर ठेवा.

मी कॉलेजला साडेनवाला निघते, त्यामुळं माझी तयारी आदल्या रात्रीच असते. मटण धुवून, पाणी पूर्ण निथळून, त्याला दोन चमचे आलं-लसूण, एक चमचा हळद आणि दीड चमचा मीठ चोळायचं आणि झाकून फ्रिजमध्ये. दही लावत नाही मी, आठ तासात फाटतं आणि रश्श्यात कण दिसतात. रात्रीच वाटणही करून ठेवते. तीन मध्यम कांदे, त्यातले दोन सालासकट गॅसवर काळे होईपर्यंत भाजायचे, अर्धी वाटी सुकं खोबरं खमंग लाल, एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट. कांद्याची वरची जळालेली साल काढा पण आतला काळसर भाग राहू द्या, तोच आपल्याकडच्या रश्श्याचा वास आहे. कमी पाणी घालून बारीक वाटा. तिसरा कांदा कापून डब्यात.

एक सांगायचं राहिलं, गोठलेलं मटण डायरेक्ट कुकरमध्ये कधीच टाकायचं नाही. भांडं हळू तापतं, आतला बर्फ वितळेपर्यंत मटण कितीतरी वेळ कोमट राहतं आणि पाच ते साठ अंशाच्या मधे जंतू सगळ्यात जोरात वाढतात. फ्रीजरमधलं असेल तर आधी चोवीस तास खालच्या फ्रिजमध्ये ठेवा. तसंच रात्री अर्धवट शिजवून ठेवायचं आणि सकाळी कुकरला लावायचं असंही करू नका, त्यात तोच धोका. रात्री फक्त कच्चं मुरवायचं, आणि परतायचं ते सकाळीच.

सकाळी साडेसहाला लोखंडी कढई तापवते. चार चमचे तेल, दोन लवंगा, एक तमालपत्र, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, बस. नेहमीच्या मटणाला आपण जेवढा खडा मसाला घालतो त्याच्या निम्माच घाला, कारण आठ तास लवंग रश्श्यात बसली की दुसरं काही लागतच नाही, पहिल्या वेळी मी सहा घातल्या होत्या आणि रस्सा दाताच्या औषधासारखा झाला होता. कापलेला कांदा लाल करा, मग मटण घाला पण सगळं एकदम नको, दोन-तीन वेळा थोडं थोडं, म्हणजे पाणी सुटत नाही आणि फोडीला तांबूस रंग चढतो. हा भाग गाळू नका. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की सगळं कच्चंच टाका आणि बटण दाबा, शिजतं तसं, पण स्लो कुकर काही भाजत नाही, रंग आणि खमंगपणा कढईतच येणार. मटण काढून त्याच तेलात वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, दोन चमचे काळं तिखट, एक चमचा लाल तिखट, मग दोन कप कडकडीत गरम पाणी घालून कढईला चिकटलेलं सगळं उलथन्यानं खरवडून घ्या.

कुकरच्या तळाला दोन गाजरं मोठी कापून आणि दोन बटाटे अर्धे करून ठेवते. भाजी खाली, मटण वर. उलटं वाटेल पण स्लो कुकरमध्ये कंदमुळं मटणापेक्षा उशिरा शिजतात, त्यांना तळाची आणि कडेची गरमी लागते. नळ्याही खालीच सरकवा. त्यावर मटण आणि वरनं गरम रस्सा. पाणी बघून तुम्हाला वाटेल की कमी पडेल, फोडी तर वर डोकावायल्यात, पण घालू नका अजून. झाकणातनं वाफ बाहेर जात नाही, थेंब होऊन परत आतच पडते आणि मटणाला स्वतःचंही पाणी सुटतं, संध्याकाळी फोडी आपोआप बुडालेल्या असतात.

सव्वासातला हायवर लावते. तासभर, म्हणजे माझं आवरून डबे भरेपर्यंत, हायवर राहू देते म्हणजे सगळं लवकर गरम होतं, आणि निघायच्या आधी लोवर करते. तिथनं सात ते आठ तास. घाई असेल त्या दिवशी पूर्ण हायवर चार-साडेचार तासात होतं, पण खरं सांगू, मान आणि नळी लोवरच चांगली होते, हायवर मांस शिजतं पण तो रेशमासारखा रस्सा नाही येत.

आणि झाकण उघडायचं नाही. दर वेळी उघडलं की आतली वाफ जाते आणि वीस-तीस मिनिटं मागं पडतं. आमच्या घरी हा नियम पाळायला सगळ्यात अवघड मामंजींना जातो, अकरा वाजल्यापासून वास सुटतो ना. एकदा दुपारी मला स्टाफरूममध्ये फोन, "सूनबाई, नुसतं बघू का, शिजायलंय का नाही?" मी म्हटलं, "मामंजी, काचेतनंच बघा, हात नका लावू." मग ते खुर्ची ओढून ओट्याजवळ बसले होते म्हणे पेपर वाचत.

लाइटचं मात्र आपल्याकडं बघावं लागतं. पहिल्या थंडीत आत्याबाई आणि मामंजी गावी गेले होते, मी कुकर लावून कॉलेजला गेले, संध्याकाळी घरी आले तर वास होता पण नेहमीसारखा नाही. मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. म्हणजे मधे लाइट जाऊन आलेली होती, किती वेळ ते कळायला मार्ग नव्हता, शेजारच्या काकू म्हणाल्या की अकराला गेली ती अडीचला आली. मटण गरम होतं, दिसायला चांगलं होतं, एक किलो मटण, जीव तुटला पण मी टाकून दिलं सगळं. साडेतीन तास मंद होत जाणाऱ्या गरमीत राहिलेलं अर्धकच्चं मटण परत उकळलं तरी त्यात जंतूंनी केलेलं विष सगळंच जातं असं नाही, आणि घरात म्हातारी माणसं आहेत. तेव्हापासून मी कुकर इन्व्हर्टरच्या प्लगला लावते, २१० वॅट म्हणजे दोन-तीन पंख्यांएवढाच लोड, घरच्या मोठ्या बॅटरीवर दोन-तीन तास आरामात निघतात. इन्व्हर्टर नसेल तर घरात कुणी असेल त्याच दिवशी लावा, आणि लाइट गेली की लगेच सगळं पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण शिजवून घ्या. डिजिटल बटणाचा कुकर असेल तर आणखी एक, लाइट आल्यावर तो बऱ्याचदा स्वतःहून परत चालू होत नाही, गोल फिरवायच्या बटणाचा होतो. आपल्या भागात मी तरी फिरवायच्या बटणाचाच घ्यायला सांगीन.

आता चकोल्या, हा माझा आवडता भाग. सुरुवातीला मी बाजारातल्या हक्का नूडल्स सकाळीच कुकरमध्ये टाकल्या होत्या, संध्याकाळी त्याची खळ झाली होती, पोस्टर चिकटवता आलं असतं. नूडल्स कुठल्याही असोत, त्या शेवटीच. आणि मैद्याच्या विकतच्यापेक्षा घरची कणीक ह्या रश्श्यात फार छान लागते, ती रस्सा पिते पण विरघळत नाही.

संध्याकाळी आल्यावर दोन वाट्या कणीक, त्यात दोन अंडी, पाव चमचा मीठ, चिमूटभर हळद. अंड्यानं पट्टीला ताकद येते. आधी बोटांनी कालवा, मग लागलं तरच चमचा-चमचा पाणी. हे पीठ पोळीच्या कणकेसारखं सैल नको, पुरीच्याहून घट्ट पाहिजे, मळताना मनगट दुखलं पाहिजे. दाबलं तर बोटाचा खड्डा हळूहळू भरून येतो, तेव्हा झालं समजा. अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, नाहीतर लाटताना मागं मागं येतं. मग चार गोळे करून एकेक पोळीपेक्षा जरा जाड लाटायचा, एकसारखा, कडा जाड राहिल्या तर त्या कच्च्या राहतात. वर कोरडी कणीक भुरभुरून शंकरपाळ्याच्या कातण्यानं बोटभर रुंद पट्ट्या कापा. आत्याबाई ह्या वेळी हटकून माझ्याजवळ येऊन बसतात, त्यांना ते कातणं चालवायला आवडतं, त्यांचं पितळी आहे, लग्नातलं, एका बाजूला कातण्याचं चाक आणि दुसऱ्या बाजूला चमच्यासारखा पसरट दांडा, चाकाचे दात झिजून गुळगुळीत झालेत पण पट्टीच्या कडेला अजून बारीक नागमोडी उमटते आणि तिच्यातच मसाला अडकून बसतो. कापलेल्या पट्ट्या जुन्या सुती साडीवर एकेक सुट्या पसरून अर्धा तास सुकू द्यायच्या. वरचा चिकटपणा गेला पाहिजे, पण हातात धरली तर वाकली पाहिजे, मोडायला नको.

शिजवायचं मात्र स्लो कुकरमध्ये नाही. त्यात खळखळ उकळी नसते, पट्ट्या एकमेकींना चिकटून गोळा होतात. पसरट पातेल्यात कुकरमधला पाच-सहा डाव रस्सा काढा, त्यात दोन-अडीच कप गरम पाणी, चवीपुरतं मीठ, आणि गॅसवर चांगली उकळी आणा. आता येसर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, थोडे गहू असं खमंग भाजून धणे, खोबरं, सुक्या मिरच्या आणि गरम मसाल्यासोबत दळलेलं पीठ, प्रत्येक घराचं जरा वेगळं, आपल्याकडं लग्नाकार्यातली येसर आमटी त्याचीच. स्लो कुकरचा रस्सा नेहमी पातळच निघतो, तिकडं लोक त्यात कॉर्नफ्लोअर लावतात, पण आपल्याकडं येसर असताना ते कशाला. दोन मोठे चमचे येसर अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं आणि उकळत्या रश्श्यात धार धरून ढवळत सोडायचं. दोन मिनिटात रंग बदलतो आणि भाजलेल्या धान्याचा वास वर येतो. सोबत आणखी एक चमचा काळं तिखट आत्ताच घाला, सकाळी घातलेल्या मसाल्याचा वास दिवसभरात दबलेला असतो, हा एक चमचा त्याला परत उठवतो.

मग पट्ट्या एकेक मूठ सोडा, उकळी मोडू द्यायची नाही. मधूनमधून डावाच्या दांड्यानं हलकं हलवायचं. सहा ते आठ मिनिटं लागतात, एक काढून दातानं तोडून बघा, मधे पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं. त्या फुगतात आणि रस्सा भराभर आटतो, म्हणून पातळ वाटला तरी घाबरू नका, ताटात जाईपर्यंत बरोबर होतो. आता कुकरमधलं मटण-गाजर-बटाटा अलगद वरनं ओता, ढवळू नका नाहीतर फोडी मोडतात, नुसतं पातेलं धरून हलवा. वर आलेली तर्री काढून टाकू नका, जास्तच असली तर वाटीत काढून ठेवा, ज्याला हवी तो घेईल. लिंबू, कोथिंबीर, कच्चा कांदा.

झालं की नाही हे बघायची माझी रीत म्हणजे चमच्याची कड. मानेच्या फोडीवर चमचा उभा धरून नुसता टेकवायचा, जोर न लावता तो खाली गेला पाहिजे. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मामंजींनी सवयीनं एक फोड कडेला सारली, मग परत ओढून तोंडात घातली, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि वाटी पुढं करून म्हणाले, "नळी हाय का गं एखादी?" नळीतला मगज त्यांनी चोखून खाल्ला. दोन वर्षांनी.

हुलग्याचे शेंगोळे आवडत असतील तर चकोल्यांऐवजी तेही ह्या रश्श्यात भारी लागतात, आत्याबाईंना तर तेच जास्त आवडतात, विशेषतः येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आसपास जेव्हा पहाटे बोटं वाकत नाहीत इतकी थंडी असते. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक, लसूण-जिरं-हिरवी मिरचीचा ठेचा एक चमचा, मीठ, चमचाभर तेल, कोमट पाण्यानं घट्ट मळायचं. दोन तळव्यांमधे करंगळीपेक्षा बारीक दोरी वळून टोकं जुळवून कडं करायचं. ह्यांना चकोल्यांपेक्षा जास्त वेळ, मध्यम उकळीत पंधरा-वीस मिनिटं, आणि पाणीही एक कप जास्त. शेंगोळ्याच्या रश्श्यात येसर नको, हुलग्याचं पीठ सुटून तो आपोआप दाट होतो.

मोठ्याचं मटण वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नळीचा, म्हणजे पिंढरीचा तुकडा किंवा खांदा घ्या, फोडी अंड्याएवढ्या, आणि लोवर नऊ-साडेनऊ तास धरा. चरबी जास्त असेल तर सकाळी परततानाच थोडी काढा. संभाजीनगरच्या खलियात जसं तेल वर तरंगतं तसं ह्यात आलं तर छानच, नान असेल तर तो त्यात बुडवायचा, तिथं चकोल्यांची गरज नाही.

कुकरमध्ये राजमा किंवा घेवड्याचे दाणे घालायचा विचार असेल तर ते भिजवून, पाणी फेकून, आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळून मगच घाला. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेत नीट मरत नाही आणि पोट फार बिघडतं. हे नक्की पाळा.

उरलं तर चकोल्या आणि रस्सा वेगवेगळे ठेवता आले तर बघा, एकत्र राहिले की सकाळपर्यंत सगळा रस्सा पट्ट्या पिऊन टाकतात. आम्ही म्हणून पट्ट्या लागतील तेवढ्याच शिजवतो, बाकीच्या पूर्ण वाळवून डब्यात घालून फ्रिजमध्ये, अंडं आहे त्यात म्हणून बाहेर नाही ठेवत, तीन-चार दिवसात संपवतो. मटण जेवण झाल्यावर दोन तासाच्या आत पसरट डब्यांमध्ये काढून फ्रिजमध्ये घाला, चिनीमातीच्या भांड्यासकट ठेवू नका, ते आतनं गार व्हायलाच रात्र जाते. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर, उकळी आणून. स्लो कुकरमध्ये गार अन्न गरम करायला ठेवलं तर ते परत तास-दोन तास कोमटच राहतं.

आणि भांडं धुताना घाई करू नका. मटण काढल्या काढल्या गार पाण्याखाली धरलं की चिनीमातीला चीर जाते, माझ्या नणंदेचं पहिलं असंच गेलं. प्लग काढून पूर्ण निवू द्या, मग कोमट पाणी आणि थोडा खायचा सोडा घालून तासभर ठेवा, कडेला चिकटलेलं मसाल्याचं कडं हातानंच निघतं, तारेची घासणी लावू नका.